‘कस्तुरबाला नेलं’

आमच्या लालबागच्या चाळीत कोणाला केईएम हॉस्पिटलला नेलं की शेजारीपाजारी चौकशीला यायचे. ‘कस्तुरबाला नेलं’ म्हटलं की कोणी यायचं नाही, दारं लोटली जायची. सात रस्त्याजवळचं, आर्थर रोड तुरुंगापासून हाकेच्या अंतरावरचं ते महापालिकेचं साथरोगांचं हॉस्पिटल. तिथे गेलेला परत येत नाही, असं आमची आजी ठामपणे सांगायची.

2005 साली 26 जुलैला धाकटा भाऊ कुर्ल्याहून घरापर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला. आठवड्याने ताप. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की चादर लागली तरी ओरडायचा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तीन दिवस ‘व्हायरल आहे’ ऐकलं. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. टॅक्सीत आई एकच सांगत होती, ‘दुसरीकडे कुठेही चल, तिथे नको.’

तिथेच नेला. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा जंतू, पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शिरतो आणि मूत्रपिंड धरतो. दर सहा तासांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि प्रत्येक पाळीची सिस्टर आल्या आल्या विचारणार, ‘लघवी किती झाली?’ कॉटखाली रेघा मारलेली प्लास्टिकची बाटली. आई वाकून वाकून त्या रेघा बघायची. अकराव्या दिवशी भाऊ स्वतःच्या पायांनी जिना चढला.

आजीची भीती मात्र हवेतली नव्हती. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. विएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला, आणि सरकारने माणसं घरातून उचलायला सुरुवात केली. आर्थर रोडच्या हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, माणसाची मोमियाई काढतात, म्हणजे अंगातलं तेल काढून औषध करतात, अशी अफवा उठली. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा जमाव त्या हॉस्पिटलावर चालून गेला. मला त्यांचा राग येत नाही. नवरा-बायकोला पोलिसांच्या जोरावर वेगळं करायचं आणि का ते सांगायचं नाही, म्हटल्यावर दुसरं काय होणार?

त्याच वेळी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ प्लेगची लस बनवत होते. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना. पुढे 1899 मध्ये परळला प्रयोगशाळा उभी राहिली, आजची हाफकिन संस्था. सक्तीपेक्षा ‘आधी मला टोचा’ हे लोकांना जास्त पटतं, एवढं तरी आपण त्यातून उचलायला हवं होतं. 2020 च्या मार्चमध्ये करोनाचे पहिले मुंबईकर पेशंट कस्तुरबात गेले, तेव्हा चाळीचाळीत पुन्हा तीच दारं लोटली गेली.

उन्हाळ्यात साथरोगांच्या हॉस्पिटलातल्या खाटा रिकाम्या दिसल्या की ‘एवढा खर्च कशाला’ म्हणणारे भेटतात. आग लागलेली नाही म्हणून बंब भंगारात काढतो का आपण? तिथली प्रयोगशाळा, तिथल्या सिस्टर, ताप बघून लेप्टो की डेंग्यू हे ओळखणारी नजर, हे साथ आल्यावर टेंडर काढून मिळत नाही. रिकाम्या खाटांच्या महिन्यांतच ते सांभाळायचं असतं.

आणि गुडघाभर पाण्यातून चालावं लागलं तर डॉक्टरांना लगेच विचारा, लेप्टो टाळायला डॉक्सीसायक्लिनची गोळी घ्यायची का म्हणून. ताप यायची वाट बघू नका.

आई आता ऐंशीची आहे. चाळीत कोणाचं पोर तापलं की ती जिन्यावरूनच हाक मारते, ‘अगं, लघवी किती झाली?’