‘पहिल्या शंभरात नाही, तो प्रोफेशनल नाही’ हा मेसेज चुकीचा आहे

बाणेर-बालेवाडीतल्या टेनिस पालकांच्या ग्रुप्सवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘जो कधी पहिल्या शंभरात आला नाही तो प्रोफेशनल नव्हताच, अशा कोचकडे मुलांना पाठवू नका.’ माझी मुलगी अशाच एका सरांकडे चार वर्षं शिकतेय, म्हणून लिहिते.

एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) रँकिंगचे गुण कमवावे लागतात. एम-१५ या सर्वांत खालच्या स्पर्धेत मेन ड्रॉच्या (पात्रता फेऱ्यांनंतरच्या मुख्य स्पर्धेच्या) पहिल्या फेरीत हरलात तर शून्य, एक सामना जिंकलात तर १ गुण, स्पर्धा जिंकलात तर १५. तेही ५२ आठवड्यांनी जातात. खेळाडूची कारकीर्द एटीपीच्या साइटवर कुणालाही पाहता येते. सरांची मी पाहिली. रँकिंग सहाशेच्या पुढचं आहे आणि अगदी खरं आहे. स्वतः खेळायचे तेव्हा पैसे वाचवायला ते रॅकेटचं गटिंगही (तारा बसवणं) स्वतःच करायचे. आज मुलीची दुसरी सर्व्हिस नेटमध्ये गेली की ते आधी तिचा टॉस (सर्व्हिससाठी बॉल वर फेकणं) बघतात, ‘बॉल मागे जातोय’ एवढंच सांगतात, आणि पुढची आत पडते.

बासेलमध्ये लहानग्या फेडररला घडवणारे पीटर कार्टर एकेरीत १७३ च्या वर कधीच गेले नाहीत. २०२२ पासून इटलीच्या यानिक सिनरसोबत कोच म्हणून असलेले सिमोने वाग्नोझी १६१ पर्यंत पोचले होते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. त्यात एका प्रामाणिक माणसाची रोजीरोटी अडकली आहे.