अंबड-सातपूरला गाळा घेऊन सीएनसी लावताय? आधी तासाचा दर काढा

महिंद्रा आणि बॉश (जुन्यांच्या तोंडी अजून मायकोच) अशा कारखान्यांच्या भोवती नाशकात, अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत, जॉबवर्कची (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करून देणारी) वर्कशॉप वाढली. नवीन माणूस कोटेशन कसं देतो? शेजारचा गाळेवाला तासाला चारशे घेतो, मग आपणही चारशे. माझं ठाम मत आहे की काम न मिळाल्यामुळे जेवढी वर्कशॉप बसतात, त्याहून जास्त चुकीच्या दरात भरपूर काम घेतल्यामुळे बसतात.

हिशोब मांडून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला. वीस लाखांचं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, टर्निंग मशीन (लेथ), एक शिफ्ट. आठ वर्षांत घसारा धरला तर महिन्याला २०,८००. कर्जाचं व्याज १०,०००. गाळ्याचं भाडं २५,००० आणि आत मशिनं दोन, म्हणून एकाच्या वाट्याला १२,५००. ऑपरेटर पीएफ, ईएसआयसीसकट २०,०००. टूलिंग, म्हणजे इन्सर्ट (धातू कापणारी बदलायची पाती), कुलंट (मशीन थंड ठेवणारं द्रव), ऑइल, मेंटेनन्स ८,०००. वीज ७,०००. आणि मालकाचा पगार, त्या मशीनच्या वाट्याचा, १५,०००. हा शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत. दिवसभर मशीनपाशी उभं राहायचं आणि ते फुकट धरायचं, हे मला पटत नाही. बेरीज झाली ९३,३००.

आता भागायचं कशाने? २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. दर आला ४४९. चूक इथेच होते. वीज जाते, ऑपरेटर दांडी मारतो, मटेरियल उशिरा येतं, इन्स्पेक्शन रिपोर्टची वाट बघत मशीन उभं राहतं. बिल लावता येतील असे तास १४० मिळाले तर खरा दर ६६६. यात नफा अजून धरलेलाच नाही.

मग शेजाऱ्याला चारशे कसं परवडतं? त्याचं कर्ज फिटलेलं असतं, गाळा स्वतःचा असतो, किंवा दोन शिफ्ट चालतात. वरच्याच मशीनवर दुसरी शिफ्ट लावली तर ऑपरेटर, टूलिंग आणि वीज दुप्पट होते, बाकी खर्च तेवढाच राहतो. १,२८,३०० भागिले २८० तास, म्हणजे ४५८. त्यामुळे दुसरं मशीन घ्यायचा विचार मनात आला की आधी पहिल्यावर रात्रीची शिफ्ट भरते का ते बघा.

सेटिंगचे, म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवण्याचे, पैसे वेगळे लावा. दोन तासांचं सेटिंग म्हणजे १,३३२ रुपये. हजार नगांची ऑर्डर असेल तर नगामागे सव्वा-दीड रुपया, पन्नास नगांची असेल तर जवळजवळ २७. पार्टी, म्हणजे काम देणारी कंपनी, म्हणते, "आत्ता पन्नास करून द्या, पुढे हजार आहेत." पन्नासचा दर पन्नासचाच द्या, हजारचा हजार आल्यावर.

रिजेक्शन हा भाग फार जपण्यासारखा आहे. समजा नगाला मशीनिंगचे १२ रुपये मिळतात आणि पार्टीचं कास्टिंग १८० रुपयांचं आहे. एक नग अंडरसाइज (मापापेक्षा लहान) गेला आणि मटेरियलची डेबिट नोट (आपल्या बिलातून पैसे कापल्याची नोंद) आली, की पंधरा नगांची मजुरी गेली. इन्सर्टची धार हळूहळू झिजते, साइज सरकत जाते, आणि ऑपरेटर शेवटी एकदाच मोजतो, तोवर अख्खा क्रेट वाया गेलेला असतो. पहिला नग पूर्ण तपासून सही, मग दर २५ नगांनी गो-नोगो गेज (माप बरोबर की चूक एवढंच दाखवणारं साधन), आणि धार किती नगांनी फिरवायची तो आकडा मशीनवर चिकटवलेला. ब्लोहोल (ओतकामात राहिलेली हवेची पोकळी) निघाला तर तो कास्टिंगचा दोष, त्याची डेबिट आपल्यावर नाही, हे पर्चेस ऑर्डरवर आधीच लिहून घ्या. स्क्रॅप कोणाचं, तेही तिथेच.

आता उधारी. महिन्याला लाखाचं बिल आणि पैसे नव्वद दिवसांनी, म्हणजे कायम तीन लाख बाहेर. १२ टक्क्यांनी महिन्याला ३,००० व्याज, १४० तासांवर तासाला २१ रुपये. हे दरात धरा. शिवाय लाखाच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी पार्टीने पैसे दिले नसले तरी तुम्हाला वेळेवर भरावाच लागतो. तेवढी रक्कम बाजूला हवी.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) पहिलं बिल काढायच्या आधी करा. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नंबर प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याने लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत पार्टीला वजा मिळत नाही. म्हणून मार्च महिन्यात अकाउंट्स विभाग स्वतःहून फोन करतो. तुम्ही मार्चची वाट बघू नका. तिसाव्या दिवशी बिलनिहाय स्टेटमेंट मेल करा, सोबत माल पोचवल्याच्या सही-शिक्क्याच्या डिलिव्हरी चलनाची प्रत. चलनावर सही नसली की "माल मिळालाच नाही" इथपासून सुरुवात होते, आणि मग कायदा कितीही आपल्या बाजूचा असला तरी दाखवायला हातात काही नसतं.