जास्वंदीवरचा पांढरा कापूस: आधी मुंग्या, मग निमतेल

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर दिसला की लोक आधी निमतेल मारतात, आणि आठवड्याने म्हणतात, काही उपयोग झाला नाही. तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. अंगावर मेणचट आवरण असल्याने साधी फवारणी ओघळून जाते.

आधी खोड बघा. मुंग्यांची रांग बहुधा दिसेलच. मिलीबग रस शोषून गोड चिकटा सोडतो. (पानांवरची काळी काजळी त्यावरच धरते.) त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून खोडाला चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टीवर ग्रीस लावा, थेट सालीवर नाही. भिंतीला किंवा ग्रिलला टेकलेली फांदी छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात.

फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. उरलेल्या झाडावर पाण्याची जोरदार धार मारा, विशेषतः पानांच्या बेचक्यात.

मग फवारणी. १ लिटर कोमट पाण्याला ५ मिली निमतेल आणि १ ते २ मिली लिक्विड सोप. तेल आणि सोप आधी नीट घोटा, मग थोडंथोडं पाणी घाला. वर तेलाचा तवंग आला तर ते मारू नका, पानं करपतात. कपड्यांच्या पावडरनेही तेच होतं. फवारा ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून, आणि द्रावण त्याच दिवशी संपवा. ५ ते ७ दिवसांच्या अंतराने निदान तीनदा तरी करावं लागतं, कारण अंडी कापसाच्या पिशवीत सुरक्षित राहतात. नुकती बाहेर पडलेली, मेण न चढलेली पिल्लंच फवाऱ्याला बळी पडतात.

तंबाखूचं पाणी मात्र कुणी कितीही सुचवलं तरी वापरू नका. निकोटिन माणसालाही विषारी आहे, आणि शेजारच्या कुंडीत आपली कोथिंबीर असते. झाडापासून आलं म्हणून ते निर्धोक होत नाही.

आणखी एक. त्या पांढऱ्यात मिलीबगच्या दुपटीहून मोठी, झिपरी, हात लावताच झपझप चालणारी अळी दिसली तर ती मारू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी. हा किडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, आणि अळी असल्यापासूनच तो मिलीबग खातो. ती दिसली की त्या झाडावरची फवारणी बंद करा. मुंग्यांची पट्टी तेवढी राहू द्या.