फझेकास १ की २? एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ६८ वर्षांच्या आईचा आठ महिन्यांत दोन ठिकाणी मेंदूचा एमआरआय झाला. मेंदूच्या व्हाइट मॅटरमध्ये (चेतातंतूंच्या आतल्या भागात) दिसणाऱ्या डागांना जी फझेकास श्रेणी देतात, ती पहिल्या रिपोर्टात १, दुसऱ्यात २. म्हणजे ही श्रेणी निव्वळ अंदाजपंचे आहे, मोजमाप संगणकानेच व्हायला हवं, आणि ‘वयोमानानुसार बदल’ म्हणून मी लोकांना गाफील ठेवतो आहे.

आधी श्रेणीबद्दल. १९८७ साली मांडलेल्या या पद्धतीत आकडे दोन आहेत, एक नाही. पहिला वेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) कडेचा: टोकांवर टोप्या किंवा पेन्सिलच्या रेघेइतकी बारीक कड असेल तर १, गुळगुळीत पट्टा असेल तर २, पट्टा वेडावाकडा होऊन आत शिरला असेल तर ३. दुसरा खोल व्हाइट मॅटरचा: सुटे ठिपके १, एकमेकांना चिकटू लागलेले २, मोठे सलग डाग ३. रिपोर्टात एकच आकडा येतो तेव्हा कुणी दोन्हींतला मोठा लिहितं, कुणी फक्त खोल भागाचा, कुणी दोन्हींची बेरीज. वेंट्रिकलभोवती २ आणि खोल भागात १ असलेला एकच स्कॅन प्रामाणिकपणे ‘१’ही ठरतो आणि ‘२’ही. आईच्या रिपोर्टांत पहिली शंका मी हीच घेईन.

दुसरी शंका स्लाइसची, म्हणजे एमआरआयमधल्या एकेका कापाची. नेहमीच्या तपासणीत फ्लेअरच्या (हे डाग उठून दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमेच्या) स्लाइस साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि मध्ये थोडी फट सोडलेली असते. तीन मिलिमीटरचा ठिपका त्या फटीत हरवू शकतो. उलट, वर-खाली असलेले दोन सुटे ठिपके जाड स्लाइसमध्ये जोडलेले दिसतात, आणि खोल भागात १ आणि २ यांतला फरक नेमका त्या जोडावर ठरतो. त्यात डोकं थोडं तिरपं ठेवलं गेलं की स्लाइसची पातळी बदलते. म्हणून युरोपात वृद्धांमधल्या या डागांवर झालेल्या लाडिस अभ्यासात मापं घालून दिली होती: सुटा डाग १० मिलिमीटरपेक्षा लहान आणि पुंजका २० पेक्षा लहान असेल तर सौम्य, सुटा डाग १० ते २०, किंवा मोठा पुंजका पण डागांमध्ये फक्त बारीक पूल, तर मध्यम, त्यापुढे तीव्र. रिपोर्ट लिहिताना सर्वांत मोठ्या डागाचं माप दिलं, तर अर्धे वाद तिथेच मिटतील.

आठ महिन्यांत खरंच एवढी वाढ झाली असेल का? बीपी किती खाली आणावं हे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत (निकाल २०१९) सुमारे चार वर्षांत या डागांचं एकूण आकारमान नेहमीच्या बीपी-उपचाराच्या गटात सरासरी १.४५ घन सेंटिमीटरने वाढलं. सिस्टोलिक (वरचं) बीपी १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य असलेल्या गटात ०.९२ ने. ही सरासरी आहे, पण या वेगाने आठ महिन्यांत श्रेणी बदलणं अवघड. तरी दोन्ही सीडी शेजारी शेजारी उघडून पाहिल्याशिवाय ‘वाढ नाही’ असंही कुणी म्हणू नये. दोन रिपोर्टांचे कागद जुळवून उत्तर मिळत नाही.

संगणकाबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे, पण त्यालाही अटी आहेत. त्यासाठी १ मिलिमीटरच्या आसपासची थ्रीडी फ्लेअर आणि टी१ (मेंदूची रचना दाखवणारी) प्रतिमा लागते. पेशंट हलला, रक्तप्रवाहामुळे मागच्या भागात खोटी चमक आली, किंवा जुन्या स्ट्रोकचा डाग असला, तर प्रोग्राम तेही मोजून टाकतो. मशीन बदललं की डागांचं मिलिलिटरमधलं माप बदलतं. तुमच्या बाबतीत केंद्रं दोन, म्हणजे तिथेही हाच घोळ झाला असता.

‘वयोमानानुसार’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असं माझं म्हणणं नाही. लाडिसमध्ये ६५ ते ८४ वयाचे ६३९ जण होते, सुरुवातीला स्वतःचे व्यवहार स्वतः करणारे. पुढे परावलंबी होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण तीव्र बदलांच्या गटात सौम्य गटाच्या दुपटीहून जास्त निघालं. ६८ व्या वर्षी सुटे ठिपके सर्रास दिसतात. सलग डाग दिसले तर मात्र बीपी, साखर आणि तंबाखू यांचा हिशेब लगेच व्हायला हवा. आणि काही ठिकाणचे डाग वयाच्या खात्यात टाकूच नयेत: टेम्पोरल लोबचं (कानाजवळच्या भागाचं) पुढचं टोक, कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा), कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) अगदी खेटून असलेले. तिथे कॅडासिल (मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार) किंवा मल्टिपल स्क्लेरॉसिसचा (चेतातंतूंच्या आवरणाच्या आजाराचा) विचार करावा लागतो.

तेव्हा दोन्ही सीडी एकाच रेडिओलॉजिस्टकडे द्या आणि लेखी मागा: दोन्ही भागांचे वेगवेगळे आकडे, सर्वांत मोठ्या डागाचं माप, लॅक्युन (जुन्या छोट्या स्ट्रोकनंतर राहिलेल्या बारीक पोकळ्या) आणि सूक्ष्म रक्तस्राव आहेत का. सूक्ष्म रक्तस्राव फ्लेअरवर दिसत नाहीत. ते दाखवणारी एसडब्ल्यूआय किंवा जीआरई प्रकारची एमआरआय प्रतिमा काढली होती का, तेही विचारा. आईचं घरचं बीपी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून न्यूरोलॉजिस्टला दाखवा. पुढचा स्कॅन सांगितला, तर शक्यतो त्याच मशीनवर करून घ्या.