मान, मौन आणि दोन कार्यालये

दर मंगळवारी सकाळी जर्मनीतील श्टुटगार्ट येथील आमच्या विभागाची पुण्यातील सहकाऱ्यांबरोबर व्हिडिओवरून बैठक होते. मागच्या वर्षी अशाच एका बैठकीत पुण्याच्या विभागप्रमुखांनी एका पंपाच्या चाचणीचे आकडे मांडले, आम्ही ते मान्य केले आणि पुढच्या विषयाकडे वळलो. बैठक संपून दहा मिनिटे होत नाहीत तोच त्यांच्या गटातील एका २६ वर्षांच्या अभियंता मुलीचा मला स्वतंत्र निरोप आला. दाबाचे एकक बदलताना तक्त्याच्या एका रकान्यात चूक झाली आहे, हे तिने दोन ओळींत नेमके दाखवले होते आणि खाली लिहिले होते, "सर, तुम्हालाच शंका आली असे म्हणून विचाराल का? सगळ्यांसमोर मी सांगितले तर बरे दिसणार नाही." चूक खरी होती. ती डोळ्यांसमोर दिसत असताना ही मुलगी पाऊण तास गप्प बसली होती.

तिच्यात धैर्य कमी होते असे मला वाटत नाही. २००१ साली भोसरीच्या एका कारखान्यात मी नोकरीला लागलो तेव्हा मीही हेच केले असते, आणि एकदोनदा केलेही. वडीलधाऱ्यांचा मान राखायचा आणि मान राखायचा म्हणजे त्यांच्यासमोर त्यांची चूक काढायची नाही, हे कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. ते घरातच अंगात मुरते आणि मग आपण कार्यालयात येतो. परदेशात १५ वर्षे नोकरी केल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की, कामाच्या ठिकाणी पिढ्यांमधील अंतर या विषयावर मायदेशी एवढी चर्चा चालते, पण नेमक्या या गोष्टीला कोणी हात घालत नाही.

ती चर्चा मी इथून नियमाने वाचतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले; जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांविषयीचे आणि रविवारीही काम करून घेण्याविषयीचे उद्गार बाहेर आले. दोन्ही वेळा तरुण संतापले, ज्येष्ठांपैकी अनेकांनी मान डोलावली. मग ठरलेली वाक्ये आली. आजची मुले टिकत नाहीत, त्यांना कष्ट नकोत, दोन वर्षांत नोकरी बदलतात. उलट बाजूने, यांना नवे काही शिकायचे नाही, खुर्ची सोडायची नाही. वादाला सुरुवात होताच तो पिढीच्या स्वभावाचा होतो, आणि स्वभावावर उपाय नसल्यामुळे तो वाद कुठेच पोहोचत नाही. वास्तविक आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. कामाच्या वेळेनंतर दूरध्वनी आणि ईमेल यांना उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयकही सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडले होते. म्हणजे प्रश्न नियमांच्या भाषेत मांडता येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही आपण तो संस्कारांच्या भाषेतच मांडतो.

कार्ल मॅनहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये जर्मन भाषेत पिढी या कल्पनेवर एक निबंध लिहिला. केवळ एकाच काळात जन्मल्यामुळे माणसे एका पिढीची होत नाहीत, घडण्याच्या वयात त्यांच्या वाट्याला कोणते समान अनुभव आले यावर ते ठरते, हे त्याचे मुख्य म्हणणे. ते मला महाराष्ट्राच्या सरकारी कार्यालयांकडे पाहताना फार पटते. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्य शासनाच्या सेवेत रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन आहे. त्यानंतर आलेल्या बहुतेकांना नाही. एकाच दालनात, शेजारशेजारच्या टेबलांवर, एकच काम करणाऱ्या दोन माणसांची म्हातारपणे अशी वेगवेगळी लिहिली गेली. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा त्या घोषणेच्या तळाशी ही तारीख होती. निवृत्तीचे वय ५८ वरून ६० करा ही अधिकाऱ्यांची मागणी आणि तिला स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांकडून होणारा विरोध यांतही तेच आहे. एकाची दोन वर्षे वाढली की दुसऱ्याची भरती दोन वर्षे लांबते. इथे कोणाचाही स्वभाव वाईट नाही. दोघांच्या पुढ्यात आलेल्या अटी वेगळ्या आहेत.

खासगी क्षेत्रात ही रेषा कागदावर दिसत नाही, पण असते. माझ्या वडिलांच्या वयाची माणसे रात्री नऊपर्यंत कारखान्यात थांबत, कारण कारखानाही त्यांच्यासाठी थांबणार होता. नोकरी कायम होती, भविष्यनिर्वाह निधी साठत होता, मुलाला तिथेच चिकटवण्याची आशा होती. आज कंत्राटावर घेतलेल्या मुलाला ११ महिन्यांनंतरचे काही ठाऊक नसते, आणि त्याच्याकडून निष्ठा मात्र वडिलांच्या वेळची मागितली जाते. हे अन्यायाचे आहे, आणि ज्येष्ठांनी ते आधी मान्य केले पाहिजे असे मला ठामपणे वाटते.

जर्मनीत हा वाद नाही असे कोणी समजू नये. मे २०२५ मध्ये चान्सेलर फ्रीडरिश मेर्झ यांनी चार दिवसांचा आठवडा आणि काम व जीवन यांचा समतोल या गोष्टींच्या बळावर देशाची समृद्धी टिकणार नाही असे सांगितले, आणि आमच्या जेवणाच्या खोलीत त्यावर जे बोलले गेले ते शब्दशः मराठीत आणता येईल असे होते. "आम्ही हे नेहमी असेच करत आलो आहोत" हे वाक्य इथल्या ज्येष्ठांच्याही तोंडी बसलेले आहे. फरक असा की वाद कितीही रंगला तरी त्याखाली एक जमीन आहे. कायद्याने कामाचा दिवस ८ तासांचा आहे, तो काही अटींवर १० तासांपर्यंत वाढवता येतो, आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. तासांची नोंद ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असा निर्णय संघराज्याच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. त्यामुळे माझा ६१ वर्षांचा सहकारी चार वाजता निघणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याकडे नाराजीने पाहू शकतो, पण उशिरापर्यंत थांबणे हा त्या मुलाच्या निष्ठेचा पुरावा ठरत नाही.

याहून मोठी गोष्ट मला वाटते ती प्रतिनिधित्वाची. किमान पाच कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेत कर्मचारी आपले प्रतिनिधी-मंडळ निवडू शकतात, हे अनेकांना माहीत असते. पण १८ वर्षांखालील कर्मचारी आणि प्रशिक्षणार्थी मिळून पाच जण असतील, तर जिथे असे मंडळ आहे तिथे त्यांचे स्वतःचे, वेगळे प्रतिनिधी निवडले जातात, आणि त्यांच्यातील एकाला मंडळाच्या प्रत्येक बैठकीला बसण्याचा हक्क असतो. आमच्याकडे सध्या तो एक १९ वर्षांचा मुलगा आहे. तो बोलतो तेव्हा त्याला धीट म्हणून कोणी वाखाणत नाही आणि उद्धट म्हणून कोणी डोळे वटारत नाही. बोलणे हे त्याला नेमून दिलेले काम आहे. पुण्यातल्या त्या मुलीला जे धैर्य गोळा करावे लागले असते, ते या मुलाला लागतच नाही.

वयाच्या दुसऱ्या टोकालाही असाच विचार झालेला मी पाहिला आहे. २००७ साली बव्हेरियात डिंगोल्फिंग येथील बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात हिशेब केला गेला की दहा वर्षांनी कामगारांचे सरासरी वय ४७ असेल. तेव्हा एका जोडणी-रांगेवर आतापासूनच तेवढ्या सरासरी वयाचे ४२ कामगार नेमून काय अडते ते पाहिले गेले. काय बदलायला हवे हे बहुतांशी त्यांनाच विचारले. पायांखाली लाकडी फरशी, बारीक भाग पाहण्यासाठी भिंगे, मध्येमध्ये बसून काम करता येईल अशा खुर्च्या, असे सुमारे ७० छोटे बदल झाले आणि वर्षभरात त्या रांगेची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. म्हातारे झाले, आता यांच्याच्याने होत नाही, असे म्हणणे तिथे सहज शक्य होते. त्यांनी फरशी बदलली.

आणि तरीही मला इथे काहीतरी उणे वाटते, ते सांगितल्याशिवाय हे लिहिणे खरे होणार नाही. जर्मन भाषेतही आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखा भेद आहे. कार्यालयात 'तू' म्हणण्याचा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने करायचा असतो. माझ्या पहिल्या विभागप्रमुखांनी तो १४ महिन्यांनी केला, उभे राहून, हात पुढे करून. मला तो क्षण आवडला होता, कारण त्यात स्पष्टता होती. पण तेच गृहस्थ निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या पत्नीचे नावही आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. १९६४ हे जर्मनीतील सर्वाधिक जन्मांचे वर्ष. त्या वर्षापासून पुढे जन्मलेल्यांसाठी पूर्ण निवृत्तिवेतनाचे नेहमीचे वय ६७ आहे, म्हणजे येत्या काही वर्षांत ती मोठी पिढी कार्यालयांतून उठून जाणार आहे. आमच्या प्रमुखांनी जाताना नीटनेटकी टिपणे ठेवली होती. कोणत्या पुरवठादाराचा शब्द धरायचा आणि कोणाचा नाही, हे त्यांत नव्हते. ते शेजारी बसून कळायचे असते, आणि शेजारी कोणी बसलेच नव्हते.

भोसरीला मला असे बसवले गेले होते. तिथले फोरमन माझ्याहून ३० वर्षांनी मोठे होते आणि मला, २२ वर्षांच्या पोराला, 'साहेब' म्हणत, कारण माझ्याकडे पदवी होती. मी त्यांना 'मामा' म्हणे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मुठीकडची बाजू कानाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा, हे त्यांनी मला शिकवले. खरखर आणि टकटक यांतला फरक माझ्या कानाला कळेपर्यंत त्यांनी तीन आठवडे मला दुपारच्या जेवणानंतर सोडले नाही. माझ्या आईचे ऑपरेशन झाले तेव्हा दवाखान्यात माझ्याआधी ते पोहोचले होते. असा माणूस मला इथे मिळाला नाही.

पण आज मागे वळून पाहताना एक गोष्ट टोचते. मामांना यंत्राबद्दल सगळे ठाऊक होते, आणि देखभालीच्या बैठकीत मामांना कधीच बोलावले गेले नाही. मी जाई, त्यांनी सांगितलेले माझ्या नावाने सांगे. आपण ज्यांना कार्यालयात मामा, मावशी, काका म्हणतो, त्यांना नाते देतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबतो. बैठकीतली खुर्ची देत नाही. एकीकडे मामांना पदवी नाही म्हणून आवाज नव्हता, दुसरीकडे आज त्या मुलीला वय नाही म्हणून आवाज नाही. जिव्हाळा दोघांच्याही वाट्याला आला आहे, आणि जिव्हाळ्यामुळेच ही उणीव आपल्या लक्षात येत नाही, असे माझे मत झाले आहे.

त्या निरोपानंतर मी पुण्याच्या विभागप्रमुखांना फोन केला. मुलीचा उल्लेख केला नाही, चुकीचा केला. ते ५७ वर्षांचे आहेत. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले की, नवी गणनप्रणाली त्यांना पुरती येत नाही, आणि गटातल्या मुलांना विचारले तर ती गोष्ट वरपर्यंत जाईल अशी धास्ती वाटते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बरोबरीच्या दोघांना राजीनामा द्यायला लावले गेले होते. मी त्यांना अहंकारी समजत आलो होतो, याचे मला मनापासून वाईट वाटले. ज्याची नोकरी अनुभवाच्या दबदब्यावरच टिकून आहे, त्याला चारचौघांत चूक मान्य करणे किती महाग पडते, हे मी सुरक्षित देशात बसून विसरलो होतो.

आम्ही मंगळवारच्या बैठकीचा एक नियम ठरवला. आकडे आदल्या दिवशी सर्वांना जातात, आणि बैठकीत गटातील सर्वांत कनिष्ठ व्यक्ती प्रथम आपले निरीक्षण सांगते, ज्येष्ठ शेवटी बोलतात. श्टुटगार्टलाही तोच नियम आहे, कारण तो फक्त पुण्याला लावला असता तर तो उपदेश ठरला असता. पहिले दोन आठवडे ती मुलगी "सगळे बरोबर आहे" एवढेच म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात तिने एका झडपेच्या तापमानाबद्दल शंका काढली. ती चुकीची निघाली, आणि विभागप्रमुखांनी ती का चुकीची आहे ते शांतपणे, जवळजवळ दहा मिनिटे समजावून सांगितले. त्या दहा मिनिटांत मला मामांची आठवण झाली. आता दर गुरुवारी ती त्यांना प्रणाली शिकवते आणि ते तिला जुन्या चाचण्यांच्या वह्या वाचायला शिकवतात, असे दोघांनीही मला वेगवेगळे सांगितले आहे. हे फक्त आमच्या बैठकीपुरते आहे. त्यांच्या इतर बैठकांना ती अजूनही मागच्या रांगेत बसते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही.