सुवानीच्या १८९९ च्या सीझनवरून दिलेल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू सगळा वाचला. काकूंच्या गुडघ्यांचं लिहिलंय ते आधी घेतो. गाडी सुवानी कॉलेजातल्या ऑल सेंट्स चॅपलच्या जवळपर्यंत नेता येते आणि फुटबॉलच्या ग्राउंडपाशीही थांबवता येते, बुकिंगच्या वेळी फोनवर नुसतं सांगून ठेवलं तरी चालणं खूप कमी होतं. काकूंना परत यायचं असेल तर त्यांच्या सीटचे पैसे मी घेणार नाही, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

बाकीचे मुद्दे तुमचे असे, की नॅशव्हिल ते चट्टानूगा टूरमध्ये धबधबा आणि डोंगर बघायला आलो होतो आणि मधेच टेनेसीतल्या सुवानी या छोट्या कॉलेजात थांबवून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन फुटबॉलचं लेक्चर ऐकवलं, दुसरं म्हणजे सहा दिवसात पाच मॅच ही फुगवलेली गोष्ट आहे, आणि तिसरं, समोरच्या टीम कच्च्या होत्या, नेटवर बघितलं तर हेच कॉलेज पुढे मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, एकही मॅच जिंकलेलं नाही. आपली मराठी मंडळी आईवडिलांना फिरवायला आणतात तेव्हा हे रिव्ह्यू वाचूनच बुकिंग करतात, म्हणून नीट उत्तर देतो, जरा मोठं होईल.

सुवानीचा स्टॉप बुकिंगच्या पानावर पहिल्यापासून आहे आणि तो टाइमपाससाठी ठेवलेला नाही. या रस्त्यावर टूर चालवायची आणि सुवानीवरून न थांबता पुढे जायचं हे मला जमत नाही, कारण अमेरिकेच्या या दक्षिण भागात शनिवारी अख्खं गाव स्टेडियममध्ये का जाऊन बसतं हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने हा १८९९ चा सीझन ऐकलाच पाहिजे असं माझं पक्कं मत आहे.

आता फुगवलेली गोष्ट म्हणालात त्याबद्दल. तारखांसकट सांगतो. ९ नोव्हेंबर १८९९ ला ऑस्टिनमध्ये सुवानीने टेक्सास युनिव्हर्सिटीच्या टीमला १२-० ने हरवलं. १० ला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एम, १०-०. ११ ला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेन, २३-०. १२ ला रविवार होता, सुवानी हे एपिस्कोपल या ख्रिश्चन पंथाच्या चर्चचं कॉलेज, त्यामुळे सुट्टी. १३ ला बॅटन रूजमध्ये एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, ३४-०. १४ ला मेम्फिसमध्ये ओल मिस, म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटी, १२-०. पाच मॅच मिळून ९१ पॉइंट केले आणि समोरच्यांना एक पॉइंट दिला नाही. हे सगळं ट्रेनने, साधारण अडीच हजार मैल, म्हणजे चार हजार किलोमीटर. मॅच खेळायची, अंगाला माती आणि रक्त लागलेलं तसंच धुऊन पुसून डब्यात चढायचं, ट्रेनमध्ये जेवढं होईल तेवढं झोपायचं आणि उतरलं की परत मॅच. बरोबर गेलेली पोरं वीसेक, त्यातली मोजकीच जवळपास सगळ्या मॅच पूर्ण खेळली, कारण तेव्हा एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आत येता येत नव्हतं, आणि बदलीला माणसंही फार नव्हती.

आणि तो खेळ काय होता ते बघा ना. आज टीव्हीवर दिसतो तसा बॉल पुढे लांब फेकणं तेव्हा नियमात बसतच नव्हतं, ते १९०६ ला आलं. तीन डाऊनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, पाच यार्ड पुढे सरकायचं, बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन, त्याला पाच पॉइंट, त्यानंतरच्या किकला एक. त्यामुळे दहीहंडीच्या खालच्या थरासारखं खांद्याला खांदा लावून सगळ्यांनी एकाच जागी घुसायचं, हीच मुख्य चाल. हेल्मेटची सक्ती नाही. कॅप्टन हेन्री सायबल्स, त्याला डिडी म्हणायचे, टेक्सासच्या मॅचमध्ये त्याचं डोकं फुटलं, पट्टी करून तो खेळत राहिला आणि दोन्ही टचडाऊन त्यानेच केले. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला परत मॅच. हे मी त्या ग्राउंडवर उभं राहून सांगतो तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो, तुम्हाला ते लेक्चर वाटलं याचं खरंच वाईट वाटतं.

गावच्या ट्रेमलेट झऱ्याचं पाणी पिंपात भरून ट्रेनने बरोबर नेलं होतं ही गोष्ट तिथे सगळे सांगतात, मीही सांगतो, पण ती आख्यायिका आहे हे म्हणूनच सांगतो. मॅचच्या तारखा आणि स्कोअर मात्र आख्यायिका नाहीत, ते त्या त्या कॉलेजच्या रेकॉर्डमध्ये आहेत, हरलेल्यांच्या सुद्धा, कुठलंही एक उघडून बघा.

ही ट्रिप मुळात का झाली ते तर ऐकण्यासारखं आहे, आणि मला वाटतं तुम्ही नेमके तिथेच उठून गाडीत गेलात. दक्षिणेतल्या कॉलेजांची सदर्न इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन १८९४ ला अटलांटात सुरू झाली, पुढाकार नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीचे केमिस्ट्रीचे प्रोफेसर विल्यम डडली यांचा, आणि सुरुवातीच्या सात कॉलेजांत सुवानी होतं. मुख्य हेतू हा की पैसे देऊन बाहेरचे खेळाडू टीममध्ये घुसवतात ते थांबवायचं. आजच्यासारखं वरून आलेलं टाइमटेबल, टीव्हीचे पैसे, यातलं काही नाही. प्रत्येक कॉलेजचा मॅनेजर पत्रं आणि तारा पाठवून मॅच ठरवणार, गेटवरचे पैसे कसे वाटायचे ते आधी ठरवणार, कोणी आठ मॅच खेळणार कोणी चार, आणि शेवटी चॅम्पियन कोण यावर वर्तमानपत्रांत भांडणं. त्या वर्षी सुवानी आणि व्हँडरबिल्टचं गेटच्या पैशांवरूनच फिसकटलं आणि त्यांची मॅच झालीच नाही. सगळ्यात जास्त कमाई देणारी मॅच ती, ती गेल्यावर सीझनचा खर्च भागवायचा कुठून? तर मॅनेजर ल्यूक ली, स्वतः तिथलाच विद्यार्थी, त्याने एकाच फेरीत पाच मॅच बसवल्या म्हणजे प्रवासाचा खर्च निघेल आणि वर काहीतरी उरेल. सहा दिवसांचा हा पराक्रम एका पोराने मांडलेल्या हिशोबातून निघालाय, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त कौतुक आहे, मी पण छोटा धंदा चालवतो, एक मोठं बुकिंग गेलं की महिना कसा भरून काढायचा ते मला कळतं.

हाच ल्यूक ली पुढे १९११ ला टेनेसीचा सिनेटर झाला, आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर जानेवारी १९१९ मध्ये थोडी माणसं घेऊन हॉलंडमध्ये लपलेल्या जर्मन कैसरला उचलून आणायला गेला होता! जमलं नाही, पण गेला होता.

समोरच्या टीम कच्च्या होत्या या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. दक्षिणेत फुटबॉल तेव्हा नवीनच होता, टेक्सास काय एलएसयू काय, १८९३ च्या आसपास सुरू झालेल्या टीम. कंबरलँडला ७१-० ने हरवलं ती मॅच कोणी थोर म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण सीझन तेवढाच नव्हता. ऑक्टोबरमध्ये जॉर्जियाला १२-० आणि दोन दिवसांनी जॉर्जिया टेकला ३२-०, मग टेनेसीला ४६-०. ३० नोव्हेंबरला माँटगोमेरीत ऑबर्न, ज्यांचा कोच जॉन हाइजमन, ज्याच्या नावाची ट्रॉफी आज देशातल्या सगळ्यात चांगल्या कॉलेज खेळाडूला देतात. ती मॅच सुवानीने ११-१० अशी जिंकली, अख्ख्या सीझनमध्ये सुवानीवर झालेले सगळे दहा पॉइंट त्या एका मॅचमधले. अंपायरिंगवर हाइजमन प्रचंड चिडला होता, आणि त्या दिवशी ऑबर्न जास्त चांगलं खेळलं असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत, हे पण मी टूरमध्ये सांगतो, लपवत नाही. दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायना, ५-०. शेवटी बारापैकी बारा मॅच जिंकल्या, पॉइंट ३२२ विरुद्ध १०. कच्च्या टीम म्हणून हे सगळं एका वाक्यात उडवता येत नाही हो.

अजून एक गोष्ट तुमच्या रिव्ह्यूत नाही पण वाचणाऱ्यांना माहीत असावी म्हणून लिहितो. ही सगळी पोरं गोरी होती, काळ्या विद्यार्थ्यांना त्या काळी दक्षिणेतल्या या कॉलेजांत प्रवेशच नव्हता, आणि टीमबरोबर ट्रेनर म्हणून गेलेला कॅल बरोज हा काळा माणूस होता. रोज या पोरांचे सुजलेले पाय आणि खांदे चोळून त्यांना उभं करायचं काम त्याच्याकडे होतं. त्याचं नाव घेतल्याशिवाय मी ही गोष्ट कधीच सांगत नाही.

राहिला पुढे हरण्याचा मुद्दा. बरोबर आहे, डिसेंबर १९३२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स निघाली तेव्हाच्या तेरा कॉलेजांत सुवानी होतं आणि १९४० ला बाहेर पडेपर्यंत कॉन्फरन्समधल्या ३७ च्या ३७ मॅच ते हरले. पण १९३२ म्हणजे वेगळं जग होतं, मोठी स्टेडियम, खेळाडूंना स्कॉलरशिप, आणि सुवानीत शिकणारी पोरं सगळी मिळून काही शेकडा. त्यांनी ठरवलं की आपण विद्यार्थ्यांचाच खेळ ठेवू, आणि ते आजही तसंच आहे, कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात, डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात, खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. १९३० च्या दशकातले पराभव दाखवून १८९९ चा सीझन खोटा ठरवणं मला पटत नाही. आपल्याकडे एखाद्या तालमीत आज पैलवान नाहीत म्हणून तिथल्या जुन्या गदा कोणी खोट्या म्हणतं का?

फुटबॉल अजिबात नको असेल तर तेही सांगा, राग नाही. त्या वेळात तुम्हाला गावातच मेमोरियल क्रॉसपाशी सोडतो, तिथून खालच्या दरीचा व्ह्यू फार सुंदर आहे, गाडी अगदी जवळ जाते, काकूंना पण जमेल. आणि ज्यांना इंटरेस्ट आहे त्यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबरमधला शनिवार घ्या, घरची मॅच असेल तर त्याच ग्राउंडवर बघायला मिळते, १८९१ पासून तिथे फुटबॉल चालू आहे. कुठल्या शनिवारी मॅच आहे ते बुकिंगच्या आधी फोन करून विचारा, मी बघून सांगतो.