शून्य सावली: बाराला बघितलं, म्हणूनच दिसली

शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर आल्यावर उभ्या काठीची सावली नाहीशी होणं, या विषयावरच्या लेखावर इंदूरच्या रामबागेतल्या एका वाचकांची कडक प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा: "6 जूनला इंदूरला सावली नाहीशी होते असं तुम्ही लिहिलंत. मी गच्चीवर एक मीटरचा पाइप उभा करून बरोबर बारा वाजता बघितलं. चांगली दहा सेंटीमीटर सावली होती, पश्चिमेकडे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या मेहुण्यांनी 21 जूनला बघितलं, तिथंही सावली. शाळेत तर 21 जूनला सूर्य डोक्यावर असतो असंच शिकवलं होतं. आणि डोक्यावर येतो तेव्हा ऊन जास्त, तर मग सगळ्यात जास्त तापतं मे महिन्यात, ते का? सोपं करून सांगायच्या नादात तुम्ही लोक काहीही ठोकून देता."

नमस्कार. तुमचं माप इतकं नेमकं आहे की त्याच्याच आधारानं उत्तर देता येतं. 6 जूनला घड्याळात बारा वाजता इंदूरला एक मीटर उंचीच्या सरळ पाइपची सावली दहा सेंटीमीटर, आणि तीही पश्चिमेकडेच पडायला हवी. लेखात वेळ 12 वाजून 25 मिनिटं दिली होती. तुम्ही बहुधा ती छपाईची चूक समजून बाराला गच्चीवर गेलात.

आपल्या घड्याळातले बारा इंदूरचे नाहीत. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. इंदूर 75.86 अंशावर आहे. फरक 6.64 अंशांचा, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे मिर्झापूरला माध्यान्ह होऊन गेल्यावर साधारण साडेसव्वीस मिनिटांनी सूर्य आपल्याकडे माथ्याच्या रेषेवर येतो. ग्वाल्हेरला हा उशीर सतरा मिनिटांचा, वडोदऱ्याला सदतीस मिनिटांचा. स्वतःच्या गावाचा काढायचा तर मोबाइलच्या नकाशात घरावर बोट दाबून रेखांश बघा, 82.5 मधून वजा करा आणि चारनं गुणा.

गंमत अशी की आपले जुने ज्योतिर्गणिती रेखांश मोजायची मध्यरेखा उज्जैनवरूनच धरत. उज्जैनचा आणि इंदूरचा माध्यान्ह जेमतेम वीस-बावीस सेकंदांच्या फरकानं होतो. ती पद्धत चालू राहिली असती तर तुमचे बारा जवळजवळ खरे ठरले असते.

'जवळजवळ' अशासाठी की सूर्य स्वतःही वेळ पाळत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. या दोन्हींमुळे सूर्याचा माध्यान्ह वर्षभर मागेपुढे सरकतो. इंदूरला नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो 12:10 ला होतो, फेब्रुवारीच्या मध्याला 12:41 ला. 6 जूनला 12:25 आणि 5 जुलैला 12:31. सहा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण या प्रयोगात ती फार झाली. त्या सुमारास एक मीटरच्या काठीच्या टोकाची सावली मिनिटाला चार मिलिमीटर सरकते. तुम्ही पंचवीस मिनिटं आधी बघितलंत. पंचवीस गुणिले चार, म्हणजे तुमचे दहा सेंटीमीटर.

आता ग्वाल्हेर. शाळेतलं ते वाक्य अर्धवट आहे, आणि त्याचा मला खरंच राग येतो. 21 जूनला सूर्य डोक्यावर येतो तो फक्त कर्कवृत्तावर, साधारण 23.44 अंश उत्तर अक्षांशावर. आपल्या जवळचं असं ठिकाण म्हणजे उज्जैन जिल्ह्यातलं डोंगला, तिथं वेधशाळाही आहे. त्याच्या दक्षिणेला सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, उत्तरेला एकदाही नाही. ग्वाल्हेर 26.22 अंशावर आहे. 21 जूनलासुद्धा तिथला सूर्य माथ्यापासून पावणेतीन अंश दक्षिणेलाच राहतो. मेहुण्यांनी 12:19 ला बघितलं असतं तर एक मीटरच्या काठीची सावली सरळ उत्तरेकडे, पावणेपाच-पाच सेंटीमीटर मिळाली असती. बाराला बघितली असेल तर ती वायव्येकडे नऊ सेंटीमीटरच्या आसपास असणार. विचारून बघा. ग्वाल्हेरमधली वर्षातली सगळ्यात लहान सावली तीच. ती शून्य कधीच होणार नाही, कितीही जून गेले तरी. उलट कर्कवृत्त सध्या दरवर्षी चौदा-पंधरा मीटर दक्षिणेकडेच सरकतं आहे.

आपल्याकडच्या तारखा अशा: वडोदरा 2-3 जून आणि 9-10 जुलै, इंदूर 6-7 जून आणि 5-6 जुलै, उज्जैन 12-13 जून आणि 29-30 जून. लीप वर्षामुळे एखादा दिवस इकडेतिकडे होतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात इंदूरकरांना आणखी एक गोष्ट बघायला मिळते, जी ग्वाल्हेरकरांच्या नशिबात नाही: माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. 21 जूनला एक मीटरच्या काठीची जेमतेम सव्वा सेंटीमीटर, पण दक्षिणेकडे.

तारखेबद्दल मी फार काटेकोर नाही, त्याला कारण आहे. जूनच्या त्या आठवड्यात रोजचा फरक दीड-पावणेदोन मिलिमीटरचा असतो. सूर्य हा काही ठिपका नाही, त्याची तबकडी आकाशात अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे मीटरभर उंचीवरच्या टोकाची सावली जमिनीवर सुमारे नऊ मिलिमीटरच्या पट्ट्यात धूसर होते. त्या धूसरपणात पाच-सहा दिवस सहज लपतात. खरा घोटाळा होतो तो पाइपच्या कलामुळे. वरचं टोक पायथ्याच्या ओळीपासून 17 मिलिमीटर बाजूला गेलं की एक अंशाचा कल झाला. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला ढाळ दिलेला असतो, मीटरला सेंटीमीटरभर तरी. गुण्या लावून पाइप फरशीशी काटकोनात उभा केलात तर तो ढाळ जसाच्या तसा पाइपमध्ये येतो. म्हणजे सहा दिवसांची चूक तिथंच झाली. पाइप फरशीवर भरवसा ठेवून उभा करू नका. गवंड्याची पाणसळ त्याच्या दोन बाजूंना, एकमेकींशी काटकोनात लावून बघा.

मी तर म्हणेन पाइपच नको. जाड पुठ्ठ्याला दोन-तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडा. तो टेबलाच्या कडेवर एक मीटर उंचीला आडवा, भोक कडेबाहेर येईल असा चिकटवा. खाली पांढरा कागद, चारी बाजूंनी वजन ठेवून. भोकाच्या मधून ओळंबा सोडा, त्याचं टोक कागदाला टेकतं तिथं बारीक फुली मारा आणि दोरा काढून घ्या. हे सकाळी वारा सुटण्याच्या आत उरकायचं. इंदूरला जूनमध्ये दुपारी ओळंबा स्थिर राहत नाही, आणि फुली डोलत्या ओळंब्यानं मारली की पुढचं सगळं वाया. नंतर टेबलाला हात लावायचा नाही. बारा वाजल्यापासून कागदावर सूर्याचं गोल, बारा मिलिमीटरच्या आसपासचं बिंब दिसेल. सावलीच्या टोकासारखं ते विरत नाही, त्याचा मध्य डोळ्यानं पकडता येतो. दर दोन मिनिटांनी मध्यावर पेन्सिलीचा ठिपका द्या, शेजारी वेळ लिहा. ठिपके पश्चिमेकडून पूर्वेकडे जातील. फुलीच्या उत्तरेकडून गेले तर सूर्य अजून माथ्याच्या दक्षिणेला आहे, दक्षिणेकडून गेले तर तो माथा ओलांडून उत्तरेला गेलाय. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर ठरवू नका, स्लॅबमधल्या सळया त्याला फसवतात.

उरला मे महिन्याचा प्रश्न. "डोक्यावर म्हणजे जास्त ऊन" हे खरं, पण किती जास्त ते बघा. 22 मेच्या सुमारास इंदूरचा सूर्य माध्यान्ही माथ्यापासून सव्वादोन-अडीच अंशच दूर असतो. तेवढ्या तिरपेपणानं जमिनीवर पडणारं ऊन एक दशांश टक्क्यानं कमी होतं, इतकंच. ग्वाल्हेरचं 21 जूनचंही तसंच. तेव्हा पारा कोणत्या महिन्यात जास्त चढेल हे त्या दोन-तीन अंशांवर ठरत नाही, हवेवर ठरतं. मेच्या उत्तरार्धात माळव्याची माती कोरडी ठाक असते, सगळी उष्णता जमीन आणि हवा तापवण्यात जाते. जूनच्या मध्याला ढग येतात, पाऊस पडतो, आणि तीच उष्णता ओल्या मातीतलं पाणी उडवण्यात खर्च होते. ग्वाल्हेर इंदूरपेक्षा जास्त तापतं, तेही सूर्य डोक्यावर न येता. इंदूर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे, ग्वाल्हेर 200 च्या आसपास, आणि कोरडी हवा दर शंभर मीटर उंचीला जवळजवळ एक अंश गार होते. शिवाय तिथला जूनचा दिवस आपल्यापेक्षा पाव तासानं मोठा. आणखी एक: जुलैतल्या आपल्या शून्य सावलीच्या सुमाराला पृथ्वी सूर्यापासून वर्षातली सगळ्यात दूर असते, 15.2 कोटी किलोमीटर. तेव्हा "जवळ आला म्हणून तापला" हेही चालणार नाही.

पुढची संधी 5 जुलैची. ढग असतील याची तयारी ठेवा. 3 ते 8 जुलैमधल्या ज्या दिवशी 12:20 ते 12:40 ऊन मिळेल तो दिवस चालेल. ठिपक्यांचा फोटो पाठवणार असाल तर कागदाशेजारी पट्टी ठेवून काढा आणि भोकाची कागदापासूनची उंची मिलिमीटरमध्ये लिहा, त्याशिवाय हिशेब लागत नाही.